बॉनेटखालची वंशावळ

मोटारगाड्यांच्या इतिहासाला आपल्याकडे इतिहास म्हणण्याची रीत नाही. किल्ल्यांचा, घराण्यांचा, छापखान्यांचा, फार तर रेल्वेचा इतिहास लिहिला जातो. मोटार मात्र हौसेच्या नाहीतर जाहिरातीच्या खात्यात जमा होते. वास्तविक एखादी गाडी पन्नास वर्षे एकाच नावाने तयार होत राहिली, तर तिच्यात त्या पन्नास वर्षांचे अर्थकारण, कामगारांचे आणि मालकांचे संबंध, करांचे नियम, तेलाचे भाव आणि अभियंत्यांचे हट्ट असे सगळे साठून राहते. कागदपत्रे खोटे बोलू शकतात, आठवणी तर बोलतातच. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरांना मात्र तशी सवय नसते.

आम्ही येथे जॅग्वारच्या एक्सजे या घराण्याविषयी लिहीत आहोत. १९६८ साली सुरू झालेले हे नाव २०१९ साली बंद पडले. या एक्कावन्न वर्षांत कंपनीचे मालक अनेकदा बदलले, आणि शेवटची अकरा वर्षे ही मालकी टाटांकडे होती, म्हणून मराठी वाचकाला तिचे नाव अगदीच परके नाही. ऐटबाज, शांत, चामड्याच्या आणि लाकडाच्या अंतरंगाची, तरीही रस्त्यावर स्पर्धेच्या गाडीसारखी धावणारी सेडान, अशी तिची ख्याती. ऐषआराम आणि वेग या दोन गोष्टी एका गाडीत सहसा नांदत नाहीत. त्या नांदवणे हाच या घराण्याचा धर्म मानला गेला.

या गाडीच्या पिढ्या मोजण्याची रूढ रीत चेहऱ्यावरून आहे. पहिली, दुसरी आणि तिसरी मालिका, मग एक्सजे-४०, मग एक्स-३००, एक्स-३०८, एक्स-३५० आणि एक्स-३५१. ही सांकेतिक नावे कारखान्यातली. विक्रीच्या दालनात प्रत्येक गाडी ‘एक्सजे’च. रूढ यादी चुकीची नाही, पण ती दिशाभूल करते असे आमचे मत आहे. बॉनेट उघडून पाहिले तर वंशावळ निराळीच दिसते. या घराण्याचा चेहरा जेव्हा जेव्हा तोच राहिला, तेव्हा आत जवळपास सारे बदलले होते. आणि चेहरा एकदाच पुरता पालटला, तेव्हा आतला सांगाडा मात्र जुन्याचाच वारस होता.

आरंभ १९६८च्या बराच आधीचा आहे. विल्यम लायन्स या उद्योजकाने १९२२ साली ब्लॅकपूल येथे भागीदारीत मोटारसायकलींच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. तेथून तो मोटारींची कलेवरे बनवण्याकडे वळला, १९२८ साली कॉव्हेंट्रीला आला, आणि १९३५ साली ‘जॅग्वार’ हे नाव प्रथम त्याच्या गाडीवर आले. कंपनीचे मूळ नाव ‘एसएस’ या आद्याक्षरांचे होते. युद्धानंतर ती अक्षरे कोणालाच नको होती, तेव्हा १९४५ साली कंपनीच जॅग्वार झाली. लायन्स अभियंता नव्हता. त्याला डोळा होता. कलेवराची रेषा कोठे वळावी हे तो प्रत्यक्ष आकारमानाच्या नमुन्यासमोर उभा राहून ठरवी. अशा माणसाच्या कंपनीत इंजिनाला दुय्यम स्थान मिळाले असते तर नवल नव्हते; घडले उलटेच.

युद्धकाळात कॉव्हेंट्रीवर जर्मन विमाने बॉम्ब टाकीत असत आणि कारखान्यात आग लागते का हे पाहण्यासाठी रात्रपाळीचे पहारे असत. या पहाऱ्याच्या रात्री विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे अभियंते लायन्सबरोबर बसून युद्धानंतरच्या इंजिनाची आखणी करीत. हॅरी वेस्लेक याने सिलिंडर हेडचे काम सांभाळले. त्यातून जन्मलेले एक्सके इंजिन १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आले. सहा सिलिंडर एका ओळीत आणि झडपा उघडण्यासाठी वर दोन कॅमशाफ्ट. ही दुहेरी कॅमशाफ्टची रचना तोवर शर्यतीच्या किंवा अतिमहाग गाड्यांपुरती होती. गंमत अशी की हे इंजिन मुळात एका भारदस्त सेडानसाठी योजलेले होते. सेडान तयार नव्हती, म्हणून प्रदर्शनापुरती एक उघडी दोन आसनी गाडी घाईने उभी केली, आणि तीच गाजली. पुढे याच इंजिनाच्या बळावर जॅग्वारने ल माँची चोवीस तासांची शर्यत १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकली. ऐषआरामासाठी जन्मलेले इंजिन वेगाच्या आखाड्यात मोठे झाले. नंतर एक्सजेच्या बॉनेटखाली आले ते हेच, आता ४.२ लिटरचे, विजेत्याच्या वयाचे आणि थोडे थकलेले.

२६ सप्टेंबर १९६८ रोजी एक्सजे-६ लोकांसमोर आली. जॅग्वारच्या तोवरच्या तीनचार प्रकारच्या सेडान होत्या. त्यांची जागा बहुतांशी या एकाच गाडीने घेतली. मागची चाके स्वतंत्रपणे उचलली जातील अशी सस्पेंशनची रचना आधीच्या मोठ्या जॅग्वारवरून आली होती. बॉब नाइट या अभियंत्याने ती पूर्ण यंत्रणा रबराच्या आधारांवर इतक्या कौशल्याने बसवली की रस्त्याचा आवाज आत पोचेनासा झाला. डनलॉपने तिच्यासाठी खास टायर घडवले. लायन्सच्या हातची ही शेवटची सेडान, आणि त्याच्या डोळ्याने केलेले बहुधा सर्वांत निर्दोष काम. ४.२ लिटरच्या इंजिनाची शक्ती त्या काळच्या सढळ मोजणीने २४५ अश्वशक्ती सांगितली जाई. आजच्या कडक मोजणीत ती पुष्कळ उतरते.

तिच्याबरोबर २.८ लिटरचे धाकटे इंजिनही होते. युरोपातील काही देशांत त्या मापाच्या वर कर वाढत असे, म्हणून हा आकडा. रस्त्याच्या गरजेतून नव्हे, करखात्याच्या रकान्यातून जन्मलेले हे इंजिन. शहरात सावकाश चालवलेल्या गाडीत पिस्टनच्या माथ्यावर काजळी साठे, आणि मग मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की तो माथा तापून त्याला भोक पडे. लवकरच ते मागे घ्यावे लागले.

या साऱ्यांत एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जॅग्वार १९६६ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली होती. मे १९६८मध्ये ते कडबोळे लेलँडशी जोडले जाऊन ‘ब्रिटिश लेलँड’ हा महासंघ झाला. म्हणजे एक्सजे रस्त्यावर आली तेव्हा तिच्या कंपनीचे स्वातंत्र्य संपून काही महिने झाले होते. लायन्सला वारस नव्हता. एकुलता मुलगा १९५५ साली ल माँला जाताना अपघातात गेला होता. विलीनीकरणाची कारणे आर्थिक होतीच, पण हे दुःखही त्यामागे असावे असे आम्हांस वाटते.

याच काळात दुसरे इंजिन तयार होत होते. बारा सिलिंडरचे, सहा-सहाच्या दोन रांगा साठ अंशांत जोडलेले, ज्याला व्ही-१२ म्हणतात ते. त्याचा पहिला अवतार ल माँसाठी बनवलेल्या एका शर्यतीच्या गाडीत १९६६च्या सुमारास बसवला गेला. ती गाडी शर्यतीत कधी उतरलीच नाही. हॅसन आणि हॅरी मंडी यांनी त्याचे रूप सोपे केले, प्रत्येक रांगेला एकच कॅमशाफ्ट ठेवला, आणि ५.३ लिटरचे ते इंजिन १९७१ साली ई-टाइपमध्ये आणि जुलै १९७२मध्ये एक्सजे-१२मध्ये आले. इतके गच्च की बॅटरी तापू नये म्हणून तिला स्वतःचा छोटा विजेचा पंखा दिला होता. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा वेग आणि चालताना शिवणयंत्राहून कमी आवाज. लिटरमागे जेमतेम चार-पाच किलोमीटर जाणारी ही गाडी बाजारात रुळते न रुळते तोच ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखले.

व्ही-१२ने त्यानंतर जे केले त्याला चिवटपणा हाच शब्द आहे. १९८१ साली मायकेल मे या स्विस अभियंत्याच्या कल्पनेवरून त्याचे सिलिंडर हेड बदलले. पेट्रोल-हवेचे मिश्रण एका लहान पोकळीत घुसळून, फार दाबून जाळायचे; दाबाचे प्रमाण साडेबारास एक, हे त्या काळी रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीत विरळाच. इंधन बचत झाली आणि मरणपंथाला लागलेले इंजिन आणखी सोळा वर्षे जगले. चेहऱ्यावरून पिढ्या मोजणाऱ्यांना हे कसे दिसावे? व्ही-१२ हे पहिल्या मालिकेत आले, दुसरीत राहिले, तिसरीत राहिले, आणि चौथ्या गाडीत उशिरा पोचले. पिढ्यांच्या भिंती ओलांडून वाहणारा तो स्वतंत्र प्रवाह होता.

चौथी गाडी उशिरा का, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

१९७५ साली दिवाळखोरीच्या काठावरचे ब्रिटिश लेलँड सरकारने ताब्यात घेतले. रायडर समितीच्या अहवालाने सुचवले की सर्व मोटारी एकाच छत्राखाली, एकाच व्यवस्थापनाखाली बनाव्यात. कागदावर योजना तर्कशुद्ध होती: एकाच संघात निरनिराळी इंजिने, निरनिराळे अभियंते, निरनिराळे कारखाने कशाला? संघातल्याच रोव्हरकडे अ‍ॅल्युमिनियमचे एक चांगले व्ही-८ इंजिन होते. मूळ अमेरिकेतले ब्यूकचे. त्याचे हक्क रोव्हरने १९६५ साली जनरल मोटर्सकडून घेतलेले. उद्याच्या जॅग्वारमध्ये हेच इंजिन घातले तर नवे बनवण्याचा खर्च वाचणार होता. हिशेबनीसाला यात वावगे काय दिसावे? जॅग्वारच्या अभियंत्यांना मात्र यात मृत्यू दिसला. नाव राहील, चेहराही राहील, आणि आत दुसऱ्याचे हृदय असेल.

नव्या गाडीचे, एक्सजे-४०चे, काम तेव्हा सुरू होते. बॉब नाइट अभियांत्रिकी विभागाचा प्रमुख होता. बाकीचे सर्व विभाग लेलँडमध्ये विरघळत असताना त्याने आपला विभाग जवळजवळ एकट्याने शाबूत ठेवला. बैठकांना नकार द्यायचा नाही आणि काम संपवायचेही नाही, ही त्याची नीती सरकारी कचेऱ्यांशी संबंध आलेल्या कोणाही मराठी माणसाला ओळखीची वाटेल. आणि या विभागाने एक्सजे-४०च्या इंजिनाची जागा अरुंद आखली. सहा सिलिंडरचे सरळ इंजिन उंच आणि निमुळते असते. व्ही आकाराचे इंजिन बुटके पण रुंद. दोन्ही बाजूंचे पत्रे आणि तुळया इतक्या जवळ आणल्या की व्ही-८ तेथे बसूच नये. वरून हुकूम आला तरी तो पाळणे शक्य राहू नये, अशी ही तजवीज. पुढे त्या काळातील अभियंत्यांनीच ही गोष्ट सांगितली आहे. सांगता सांगता ती थोडी रंगली असेल. पण मोजमापे रंगवता येत नाहीत, आणि एक्सजे-४०च्या बॉनेटखाली खरोखरच व्ही बसत नव्हते.

या कृत्याकडे कसे पाहावे? स्वातंत्र्याचे इतके मूक साधन दुसऱ्या कोठल्या इतिहासात आमच्या पाहण्यात नाही. घोषणा नाही, राजीनामा नाही, संप नाही; काही इंच पोलाद आत सरकवलेले. ब्रिटनमधल्या त्या दशकातल्या औद्योगिक झगड्यांत जे आवाज झाले त्यांतला एकही इतका परिणामकारक ठरला नाही. पण याची किंमत होती, आणि ती जॅग्वारनेच चुकवली. रोव्हरचे व्ही-८ बाहेर राहिले, तसे स्वतःचे व्ही-१२ही बाहेर राहिले.

१९८० साली जॉन इगन प्रमुख म्हणून आला, दर्जा सुधारला, अमेरिकेत विक्री वाढली, आणि १९८४ साली जॅग्वारचे समभाग विकून ती पुन्हा स्वतंत्र कंपनी झाली. फेब्रुवारी १९८५मध्ये लायन्स वारला; स्वातंत्र्य परत आलेले त्याने पाहिले. ऑक्टोबर १९८६मध्ये एक्सजे-४० बाजारात आली. आराखड्यापासून बाजारापर्यंत जवळपास चौदा वर्षे. आत नवे इंजिन होते, एजे-६, अ‍ॅल्युमिनियमचे, सहा सिलिंडर सरळ ओळीतले; थोरले ३.६ लिटरचे, चोवीस झडपांचे. धाकट्या २.९ लिटरच्या इंजिनाचे हेड व्ही-१२च्या एका रांगेवरून बेतलेले होते, म्हणजे वाघाचे पंजे मांजराला. ते फारसे कोणाला रुचले नाही. एक्सके इंजिनाने अडतीस वर्षांनी सेडानमधून निरोप घेतला, तरी डेमलरच्या लांब लिमोझिनमध्ये ते १९९२पर्यंत बनत राहिले.

आणि व्ही-१२? ते तिसऱ्या मालिकेच्या जुन्या कलेवरात तसेच विकले जात राहिले. १९८६ ते १९९२ अशी सहा वर्षे जॅग्वारच्या दालनात एकाच नावाच्या दोन पिढ्या शेजारी उभ्या होत्या. नवीत सहा सिलिंडर, जुनीत बारा. दरम्यान १९८७ साली बीएमडब्ल्यूने आपल्या मोठ्या सेडानमध्ये बारा सिलिंडरचे इंजिन आणले, १९९१ साली मर्सिडीझनेही. पंधरा वर्षांपासून व्ही-१२ सेडान विकणारी कंपनी आपल्याच नव्या गाडीत ते बसवू शकत नव्हती. पुढचा भाग नव्याने आखून ६ लिटरचे व्ही-१२ एक्सजे-४०मध्ये घातले गेले ते १९९३ साली. तोवर स्पर्धकांनी बाजार व्यापला होता. तटबंदी शत्रूसाठी बांधावी आणि आपलाच हत्ती वेशीत अडकावा, असा हा प्रकार. तरीही आम्ही त्या अभियंत्यांना दोष देणार नाही. ती भिंत नसती तर १९८४ साली विकायला स्वतंत्र अशी जॅग्वार कितपत उरली असती, हा प्रश्न हिशेबात धरावाच लागतो.

स्वातंत्र्य पाच वर्षे टिकले. १९८९ साली फोर्डने जॅग्वार विकत घेतली, सुमारे १.६ अब्ज पौंडांना. ज्या परक्या हृदयाची भीती होती ते आता मालक होऊन दारात आले, आणि या वेळी जागा अरुंद करून भागणार नव्हते.

फोर्डने आरंभी केले ते शहाणपणाचे होते: चेहरा जुना परत आणला. १९९४ सालच्या एक्स-३०० गाडीत एक्सजे-४०चे चौकोनी दिवे गेले आणि चार गोल दिवे, वळणदार बॉनेट, लायन्सच्या गाडीची आठवण देणारी घडण परतली. इंजिन एजे-६चेच सुधारलेले रूप, एजे-१६. एक्सजेआर या आवृत्तीत त्याला सुपरचार्जर जोडला, म्हणजे इंजिनाच्याच फिरत्या शक्तीने हवा दाबून सिलिंडरमध्ये घालणारा पंप. सव्वातीनशेच्या घरात अश्वशक्ती सहा सिलिंडरांतून निघू लागली, आणि बारा सिलिंडरांचे प्रयोजन त्याच क्षणी संपले. शेवटचे व्ही-१२ १९९७ साली बनले.

त्याच वर्षी आलेली एक्स-३०८ ही आमच्या मते या घराण्यातली सर्वांत मोठी फारकत. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक्स-३००च वाटते. अनेक जाणकारही बंपर पाहून मगच सांगतात. आत मात्र सरळ सहा आणि व्ही-१२ हे दोन्ही जुने वंश एकदमच संपले होते. एक्सके, एजे-६, एजे-१६ यांची सरळ ओळीची परंपरा १९४८पासून चालत आली होती. तिच्या जागी आले एक व्ही-८. ज्या आकाराला रोखण्यासाठी वीस वर्षांपूर्वी पत्रे आत घेतले, तोच आकार. हे एजे-व्ही-८ जॅग्वारच्याच अभियंत्यांनी आखलेले होते, ते रोव्हरचे नव्हते, फोर्डचेही नव्हते. पण ते बनत असे वेल्समध्ये, ब्रिजेंड येथील फोर्डच्या कारखान्यात. कॉव्हेंट्रीच्या रॅडफर्ड भागात जॅग्वारची इंजिने बनत, ते पर्व येथे संपले. साधे ४ लिटर २९० अश्वशक्तीचे, सुपरचार्जरचे ३७०चे. आरंभीच्या इंजिनांत सिलिंडरच्या आतल्या भिंतींवर निकेलचा एक खास लेप होता, आणि ज्या देशांत पेट्रोलमध्ये गंधक जास्त तेथे तो झिजे. काही वर्षांनी लोखंडी अस्तर आले. हा दोष सोडला तर इंजिन उत्तम होते. पण रूढ यादीत एक्स-३०८ ही अर्धीच पिढी, ‘एक्स-३००ची सुधारित आवृत्ती’ म्हणून मोजली जाते. चेहऱ्याने केलेली याहून मोठी फसवणूक आम्हांस ठाऊक नाही.

येथे गिअरबॉक्सविषयी थोडे विषयांतर. हृदयाच्या शुद्धतेविषयी इतके दक्ष असणारे लोक गिअरबॉक्सच्या बाबतीत आरंभापासून उदार होते. पहिल्या एक्सजेचा स्वयंचलित गिअरबॉक्स बोर्ग-वॉर्नर या अमेरिकी कंपनीचा. व्ही-१२ला १९७७पासून जनरल मोटर्सचा. एक्सजे-४०ला झेडएफ या जर्मन कंपनीचा. एक्स-३०८ची सुपरचार्जर आवृत्ती तर मर्सिडीझच्या गिअरबॉक्सवर धावे, म्हणजे ज्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकायचे त्याच्याच दातेरी चाकांवर. याची खंत कोणी केल्याचे दिसत नाही. इंजिन म्हणजे कूळ आणि गिअरबॉक्स म्हणजे नोकरी, अशी काहीशी समजूत असावी. यंत्रशास्त्रात तिला आधार नाही. माणसांच्या डोक्यात मात्र ती पक्की आहे.

२००३ सालच्या एक्स-३५०ने हाच खेळ उलट अंगाने खेळला. इंजिने बहुतेक ओळखीची, व्ही-८च ४.२ लिटरचे; गिअरबॉक्स झेडएफचा सहा टप्प्यांचा. पण कलेवर पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे, आणि ते वितळजोडाने नव्हे तर विमानासारखे रिव्हेट ठोकून आणि डिंकासारख्या चिकट रसायनाने जोडलेले. कलेवराचे वजन पोलादाच्या मानाने चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी. त्या वेळी जगातल्या सर्वांत पुढारलेल्या सेडानमध्ये तिची गणना व्हायला हवी होती. आणि दिसायला? लायन्सच्या १९६८च्या गाडीची थोडी फुगवलेली प्रत. भविष्याचा सांगाडा भूतकाळाच्या कातड्यात शिवला होता. गिऱ्हाइकाला कातडे दिसते, सांगाडा नाही. जुन्या लोकांना ती ओळखीची वाटली आणि नव्यांना म्हातारी. विक्री अपेक्षेएवढी कधीच झाली नाही. चेहरा न बदलण्याच्या निष्ठेचा हा कडेलोट होता. तिच्यातच फोर्ड आणि फ्रेंच पीएसए यांनी मिळून घडवलेले २.७ लिटरचे व्ही-६ डिझेल आले, एक्सजेच्या इतिहासातले पहिले डिझेल. ऐषआरामाच्या गाडीत डिझेल म्हटल्यावर ज्यांनी नाक मुरडले असेल त्यांना ते चालवून पाहता आले असते तर कदाचित ते गप्प बसले असते; ते कमालीचे शांत होते. २००५ साली कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यातले गाड्यांचे उत्पादन थांबले आणि एक्सजे बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिचला बनू लागली.

२ जून २००८ रोजी जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या टाटा मोटर्सच्या झाल्या, २.३ अब्ज डॉलरना. फोर्डने एकट्या जॅग्वारसाठी मोजलेल्या किमतीहून कमीत. आपल्याकडे तेव्हा अभिमानाचा पूर आला होता, आणि तो अस्थानी नव्हता. पिंपरीत मालमोटारी आणि इंडिका बनवणारी कंपनी ब्रिटिश पंतप्रधानांच्या गाडीची मालक झाली होती. पुढे पुण्यातल्या कारखान्यात सुटे भाग आणून एक्सजेची जुळणीही होऊ लागली. मात्र त्या अभिमानात एक तपशील हरवला. टाटांनी घेतलेल्या जॅग्वारला त्या वेळी स्वतःचा इंजिनांचा कारखाना नव्हता. व्ही-८ ब्रिजेंडहून, डिझेल डॅगनहॅमहून, म्हणजे दोन्ही फोर्डकडून, करारान्वये विकत यायची. मुंबईच्या मालकाची ब्रिटिश गाडी अमेरिकी कारखान्यातल्या इंजिनावर चाले. वुल्व्हरहॅम्प्टन येथे स्वतःचा इंजिन-कारखाना कंपनीने टाटांच्या भांडवलावर उभा केला तो २०१४ साली.

जुलै २००९मध्ये दाखवली गेलेली एक्स-३५१ ही इअन कॅलम या आराखडाकाराची. पहिल्यांदाच एक्सजेचा चेहरा समूळ बदलला: चार गोल दिवे गेले, मागची काच उतरती झाली, छताचे मागचे खांब काळे झाले. जुन्या भक्तांनी ‘ही एक्सजेच नव्हे’ असे म्हणायला सुरुवात केली. या भक्तांनी १९९७ साली, जेव्हा आतले सारे कूळ बदलले तेव्हा, चकार शब्द काढला नव्हता. आणि एक्स-३५१च्या त्या नव्या कातड्याखाली होते काय? तेच रिव्हेट आणि रसायनाने जोडलेले अ‍ॅल्युमिनियम, एक्स-३५०च्या आराखड्यावरून विकसित केलेले. आणि एजे-व्ही-८चाच वारस, ५ लिटरचा. सर्वांत परकी दिसणारी एक्सजे आपल्या आधीच्या गाडीशी इतकी सख्खी होती, जितकी एक्स-३०८ तिच्या जुळ्या दिसणाऱ्या एक्स-३००शी नव्हती.

या व्ही-८ने शेवटी ५७५ अश्वशक्तीपर्यंत मजल मारली, २०१७ साली. त्याच्याच घडणीतून एक व्ही-६ही काढले गेले. त्यासाठी नवा साचा करण्याचा खर्च टाळला. व्ही-८च्याच लांबीचा ठोकळा ठेवला आणि दोन सिलिंडरांची जागा तशीच रिकामी सोडली. काटकसर म्हणून हे समर्थनीय आहे. पण ज्या घराण्यात एका इंजिनासाठी बॅटरीला पंखा लावावा लागला होता त्याच घराण्यात आता इंजिनाच्या पोटात न वापरलेल्या खोल्या होत्या. जुलै २०१९मध्ये एक्सजेचे उत्पादन थांबले. ब्रिजेंडचा कारखाना फोर्डने सप्टेंबर २०२०मध्ये बंद केला.

पुढची एक्सजे विजेवर चालणार, कॅसल ब्रॉमिचलाच बनणार, हे २०१९ सालीच जाहीर झाले होते. तिला बॉनेटखालच्या रुंदीचा प्रश्न उरला नसता; मोटारी चाकांजवळ, बॅटऱ्या पायाखाली, आणि जे हृदय जपण्यासाठी एका पिढीतल्या अभियंत्यांनी आपल्याच वरिष्ठांविरुद्ध पत्रे वाकवले, ते हृदयच नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये नव्या व्यवस्थापनाने ती योजना बाजारात येण्याआधीच रद्द केली. डिसेंबर २०२४मध्ये जॅग्वारने आपल्या पुढच्या काळाची नांदी म्हणून एक विजेवरची संकल्पना-गाडी अमेरिकेतल्या मायामीत दाखवली. तिला एक्सजे हे नाव नाही. तिचे बॉनेट मात्र जॅग्वारच्या कुठल्याही जुन्या सेडानहून लांब दिसते, जणू खाली बारा सिलिंडर दडले आहेत.